ऑक्टोबर हीटमधलं सायडर : बूच उडालं, आता पुढे काय?

बोरीकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१२

मंडळी, आधी बुचाचं सांगते, मग प्रश्न विचारते.

परवा रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघरात फाटकन् आवाज झाला. सासूबाईंना वाटलं मांजर, ह्यांना वाटलं गॅस. मी दिवा लावून बघते तर ओट्यावर, भिंतीवर, पोळ्यांच्या डब्यावर तपकिरी रस. सरबताच्या बाटलीचं बूच थेट देव्हाऱ्यापाशी जाऊन पडलेलं. वास विचाराल तर, सासूबाईंच्या शब्दांत, 'मोहाचा'. माळकरी घरात अडीच वाजता मोहाचा वास. पुढचं बोलायला नको.

झालं ते असं. मागच्या वर्षी नातवाच्या वेळेला मुलाकडे अमेरिकेत व्हर्माँटला तीन महिने होते. ऑक्टोबरात तिथे झाडं लाल-पिवळी होतात, ते सगळ्यांनी फोटोत बघितलंय. मला लक्षात राहिली ती सफरचंदाची बाग. शेडमध्ये एक यंत्र होतं. वरून सफरचंदं टाकायची, त्यांचा भुगा व्हायचा. मग तो भुगा जाड कापडात घडी घालून, लाकडी जाळ्यांच्या मध्ये थरावर थर रचून वरून दाबायचा. खाली गढूळ, चहाच्या रंगाचा रस. त्याला ते सायडर म्हणतात. दारू नाही बरं का, ताजा न गाळलेला रस. तोच मोठ्या भांड्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम करतात आणि कपात देतात. बाहेर पाच अंश आणि हातात तो कप. उरलेला चोथा शेजारच्या गोठ्यात जात होता. ते बघून मला उगाच आपली पेंड आठवली.

तेव्हाच ठरवलं होतं की अमळनेरला जाऊन करायचं. आता केलं. तीन किलो सफरचंदं, लाल, चकचकीत, गोड. मिक्सरला फिरवून पंच्यातून पिळली. चव घेतली तर काही नाहीच. साखरेचं पाणी जणू. मसाला घालून गरम केलं तर दालचिनीचं साखरपाणी. उरलेला कच्चा रस बाटलीत भरून बूच घट्ट लावलं. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून दोन दिवस ओट्यावर राहिला. पुढचं वर आलंच आहे.

तर प्रश्न दोन. रस इतक्या लवकर का फसफसला? आणि तिथली ती चव इथे का येत नाही? ती आंबट-तुरट होती, जिभेच्या कडा धरायची. इथे दुपारी छत्तीस अंश आहेत, हे माहीत आहे. 'ताई, उन्हात गरम कशाला पिता' हे कृपया लिहू नका. ते घरात रोज ऐकते.

शेवभाजीवाला | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताई, उन्हात गरम कशाला पि... बरं, राहिलं.

सायडर म्हटल्यावर आमच्या हिला वाटलं ते वजन कमी करायचं व्हिनेगर. ती विचारतेय, रोज सकाळी किती चमचे?

नियामक | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

धागा चालू राहू द्या, विषय छान आहे. फक्त एक लक्षात ठेवा. मुद्दाम आंबवून मद्य करण्याच्या कृती इथे देऊ नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते सफरचंदाचं असो की मोहाचं. बोरीकाठ यांचं बूच अपघात म्हणून सोडून देतो. :)

गिरणेचा_रस | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

मी मूळचा भडगावचा. फूड टेक्नॉलॉजी केलं, आता एका फळप्रक्रिया कारखान्यात आहे, त्यामुळे हा धागा म्हणजे सुट्टीच्या दिवशी ऑफिस. तरी लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच. ते हवेत असतं, पंच्यावर असतं, मिक्सरच्या भांड्याच्या खाचेतही असतं. रस काढला की त्याला आयती साखर मिळते. व्हर्माँटच्या थंडीत ते सुस्त असतं. आपल्याकडे ओट्यावर तीस-पस्तीस अंशांत ते पंगतीला बसल्यासारखं जेवतं. साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि वायूला जायला वाट नसली की बूच उडतं. नशीब समजा ताई, बूच उडालं. स्क्रूचं घट्ट झाकण असतं तर काच फुटली असती.

कच्च्या रसात दुसरा धोका यीस्टपेक्षा वाईट आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूची बाधा झाली. साठाहून जास्त लोक आजारी पडले, एक मूल दगावलं. १९९८ पासून तिथे असा रस विकताना बाटलीवर इशारा छापावा लागतो. रस आंबट असला तरी हा विशिष्ट जिवाणू त्यात तग धरतो. झाडाखाली पडलेलं फळ, त्यावर जनावरांचं शेण, आणि तेच न धुता यंत्रात, असा त्याचा प्रवास. म्हणून रस काढला की लगेच तापवायचा. कारखान्यात ७१ अंशांच्या वर काही सेकंद पुरतात. घरी थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे येऊन चांगली वाफ निघेपर्यंत तापवा. पातेलं पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं नको, स्टीलचंच हवं. आंबट रस धातू खातो.

दुसरा प्रश्न मात्र खरा मजेदार आहे, आणि त्याचं उत्तर फळात आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळ लाँग अ‍ॅश्टन इथे १९०३ मध्ये फक्त सायडरसाठी संशोधन संस्था काढली होती. त्यांनी सायडरच्या सफरचंदांची चार गटांत वाटणी केली. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर असेल तर आंबट, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर तुरट, दोन्ही असेल तर आंबट-तुरट आणि दोन्ही कमी असेल तर नुसतं गोड. चांगल्या सायडरला हे मिसळून घेतात. आपल्या हातगाडीवरचं लाल डेलिशियस पेटीत टिकावं आणि खाताना गोड लागावं म्हणून निवडलेलं फळ आहे. त्यात आम्ल कमी, टॅनिन त्याहून कमी. त्याच्याकडून सायडरची अपेक्षा म्हणजे भरताच्या वांग्याची भजी.

वरणबट्टी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

भरताच्या वांग्याची भजी चांगली होतात. बाकी सगळं पटलं.

पण मला कळत नाही, सफरचंदाच्या काढ्याला सायडर म्हटलं की त्याला इतकी प्रतिष्ठा का? आमच्याकडे पावसाळ्यात सुंठ-लवंगेचा काढा होतोच. त्यात सफरचंद टाका. झालं.

बोरीकाठ | ६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

गिरणेचा_रस, खूप आभार. आज कारखाना बंद असताना एवढं लिहिलंत.

वरणबट्टी भाऊ, काढा आणि हे वेगळं आहे. इंटरनेटवर बऱ्याच कृतींत सफरचंदाच्या फोडी दोन-तीन तास पाण्यात उकळतात, कुस्करतात आणि गाळतात. तो तुम्ही म्हणता तसा काढाच, मुरंब्याच्या पाण्यासारखा लागतो. तिथे बागेत प्यायले ते आधी कच्चं दाबून काढलेलं होतं, पाण्याचा थेंब नव्हता, आणि नंतर फक्त गरम केलेलं. फरक उसाचा रस आणि काकवी यांच्याएवढा आहे.

सासूबाई मात्र तुमच्या पार्टीत आहेत. पहिल्या दिवशी घोट घेऊन म्हणाल्या, "हाऊ ते काढा शे वं माय! सर्दी व्हयनी का कोनले?"

अनेरचं_पाणी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:०२

आम्ही शिरपूरचे. सध्या सातपुड्याकडून सीताफळांच्या पाट्या येताहेत, स्वस्त आणि डोळे उघडलेली. तुमचा धागा वाचून मी विचार केला, सफरचंद कशाला? आपलं शरदातलं फळ सीताफळ. संध्याकाळी सहा सीताफळांचा गर काढला, दूध-पाणी काही न घालता पातळ केला, दालचिनी-लवंग टाकून गॅसवर ठेवला.

कडू! साधं कडू नाही, कडुनिंबाच्या वळणाचं. रंग गुलाबी-मातकट झाला. नवरा म्हणाला, बिया वाटल्या असतील. एकही बी वाटली नव्हती हो. काय चुकलं?

गिरणेचा_रस | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

तुमचं काही चुकलं नाही, फळ चुकलं. सीताफळाचा गर साधारण ५५-६० अंशांच्या पुढे तापला की कडवट होतो आणि गुलाबी पडतो. सीताफळाच्या प्रक्रियेत ही सगळ्यात मोठी अडचण आहे, म्हणून त्याचा गर गोठवूनच विकतात.

बिया न वाटल्या ते फार बरं केलंत. त्या विषारी असतात. सफरचंदाच्या बियाही काढूनच रस करा. एखादी बी अख्खी गेली तर काही होत नाही, पण वाटायच्या नाहीत.

अनेरचं_पाणी | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०१

अरे देवा. सीताफळाची बासुंदी करताना सासूबाई दूध पूर्ण गार झाल्याशिवाय गर घालू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं दूध फाटेल म्हणून. बारा वर्षं मी कारण चुकीचं समजत होते!

रावेरचा_घड | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

राम राम. सगळे सफरचंद, सीताफळ करी राह्यले, केळीचं नाव कोणी काढत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अन् खान्देशाच्या धाग्यावर केळी नाही म्हणजे काय? मी काल पाच केळी मिक्सरला लावून पंच्यातून पिळली. पंचा फाटला. केळीतून थेंब निघाला नाही.

गिरणेचा_रस | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

:D दादा, केळी पिळून रस देत नाही. गरातलं पेक्टिन (जॅम घट्ट करतं तेच) सगळं पाणी धरून बसतं. कारखान्यात त्याला एन्झाइम लावतात, मग दोन-तीन तासांनी गर सुटून पाणी वेगळं होतं. मात्र रवांडा-युगांडाकडे लोक फार जुन्या पद्धतीने हे करतात. पूर्ण पिकलेली केळी रानगवताच्या जुड्यांबरोबर लाकडी डोणीत तुडवतात, मळतात. गवताच्या काड्या गराला धरून ठेवतात आणि चक्क नितळ रस खाली येतो. त्यांच्या केळीच्या जातीही त्यासाठीच्या आहेत. आपल्या केळीवर करून बघायचं तर पंच्याऐवजी गवत घ्या, आणि निष्कर्ष इथे लिहा.

रावेरचा_घड | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

घरातल्या बाईमाणसाला सांगून बघतो. नाही म्हटली तर धागा सोडला समजा.

पाचकंदील_धुळे | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५५

किराणा माझा. गेल्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाईकं सायडरसाठी 'ऑलस्पाइस' मागायला आली. बहुतेक इथलीच असावीत. म्हणून खुलासा.

दुकानात 'कबाबचिनी' म्हणून जे मिळतं ते दोन वेगळ्या वस्तूंना म्हणतात. एका दाण्याला शेपटी असते, मिरीसारखा असतो. ती खरी कबाबचिनी म्हणजे कंकोळ, काढ्यात आणि विड्यात जाते, चव थंड-कडवट. दुसरा दाणा मिरीपेक्षा मोठा, तपकिरी, शेपटी नसलेला. हाताने चोळला की लवंग, दालचिनी, जायफळ एकदम वास येतो. तो ऑलस्पाइस, जमैकाकडचं झाड. तुमच्या पेयात दुसरा पाहिजे. पहिला टाकला तर कफाचं औषध होईल.

दुसरा न मिळाला तर लवंग-दालचिनी-जायफळ पुरेसं आहे. आणि दालचिनीच्या नावाखाली दुकानात जाड सालीचा तुकडा मिळतो तो कॅसिया. पातळ, सिगारेटसारखी गुंडाळी असते ती सिलोनची. कॅसिया तिखट आणि दणकट, सिलोन गोड आणि हलकी. महागाचं आहे म्हणून विकायला सांगत नाही, पण सफरचंदाबरोबर सिलोनच. कॅसिया घातली तर निम्मी.

बोरीकाठ | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मी कंकोळ टाकलं होतं. सासूबाईंचं 'सर्दी व्हयनी का' आत्ता कळलं.

अक्राणीची_मास्तरीण | ८ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

आंबटपणाबद्दल. कोणी लिंबू पिळा म्हणेल. ताई, लिंबू पिळलं की त्याचं सरबत होतं, सायडर नाही. लिंबाचा वास वर येऊन सफरचंदाला झाकून टाकतो.

माझी नोकरी धडगावला आहे. इथे चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर आमचुराचं काम चालतं. गावठी कैऱ्या सोलायच्या, फोडी कापायच्या आणि खडकावर किंवा छपरावर उन्हात वाळवायच्या. मध्येच अवकाळी पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो. पांढऱ्या फोडींना व्यापारी चांगले पैसे देतात. बायका आभाळाकडे बघत काम करतात, अक्षरशः.

त्या फोडीला जो आंबटपणा असतो त्याला कडा आहे आणि लिंबासारखा वास नाही. आमच्या शाळेतल्या मदतनीस बाई वरणात दोनच फोडी टाकतात आणि अख्ख्या गंजाची (पातेल्याची) चव उभी राहते. तुम्ही रसात दोन फोडी घालून बघा. पावडर नको, ती गढूळ करते आणि दुकानातल्या पावडरीत काय काय असतं देव जाणे. अख्ख्या फोडी.

गिरणेचा_रस | ८ ऑक्टोबर, रात्री ८:२०

हे मला सुचायला हवं होतं. सफरचंदातलं मुख्य आम्ल मॅलिक. कैरीत सायट्रिक आहे आणि मॅलिकही आहे. लिंबात जवळपास सगळं सायट्रिक. म्हणजे मास्तरीणबाईंची जीभ बरोबर सांगतेय.

मग राहिलं टॅनिन. त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत घरी फळांची पेयं करणारे लोक काय घालतात माहीत आहे? कोरा चहा. खरंच. कडक, बिनदुधाचा, अर्धा कप. चहाची चव कळत नाही, फक्त जिभेच्या कडा धरल्या जातात. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये वर्णन केलेलं तेच.

वरणबट्टी | ८ ऑक्टोबर, रात्री ८:३१

सफरचंद, दालचिनी, सुंठ, आमचूर आणि आता चहा. मी काढा म्हटलं तर राग आला होता.

चोपडा_एक्स्प्रेस | १० ऑक्टोबर, सायंकाळी ७:१०

दाबयंत्राचा विषय राहिलाच. मिक्सरने फेस होतो म्हणून मी चार सफरचंदं घेऊन थेट स्टँडाजवळच्या रसवंतीवर गेलो. रसवाला उसाच्या दुमडलेल्या कांड्यांत लिंबू-आलं धरून घाण्यात घालतो ना, तसं सफरचंदाचं फाकडं धरायला सांगितलं. पहिल्या फेरीला उत्तम. उसाचा रस आणि सफरचंद, वर आलं. तिसऱ्या फेरीला चोथा रुळांना चिकटला, पट्टा घसरला. तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती सांगता येणार नाही. रुळ धुवायचं काम माझ्याकडे आलं. चार ग्लासांचे पैसे दिले आणि पळालो.

पण पहिल्या फेरीचा तो ग्लास, राव! आठवण काढली की तोंडाला पाणी सुटतं.

बोरीकाठ | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

कोजागिरी झाली. सविस्तर लिहिते. प्रमाण मागू नका, इथेच देतेय.

फळवाल्याकडे 'दागी' माल मागितला, म्हणजे डाग पडलेला पण आतून चांगला. त्याला वाटलं म्हशीसाठी नेतेय. साठ रुपये किलोने तीन किलो दिला, वर दोन मोसंबी फुकट. सडका भाग असलेलं फळ मात्र एकही घेतलं नाही. सालीवरचं मेण जावं म्हणून कोमट पाण्यात चोळून धुतलं. बिया-देठ काढून, सालीसकट फोडी. मिक्सरमध्ये थोड्या थोड्या घालून थांबत-थांबत फिरवल्या, पाणी अजिबात नाही. पंचा आधी उकळत्या पाण्यात टाकून पिळून घेतला. जावेने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि खादीची गोधडी पिळतात तसा पीळ दिला. तीन किलोतून दीड लिटरला थोडा कमी रस आला. दहा मिनिटांत तपकिरी झाला, ते चालतं, बागेतलाही तसाच होता.

रस लगेच स्टीलच्या गंजात, मंद आचेवर. मसाल्याची पुरचुंडी बांधली: सिलोन दालचिनीच्या बोटभर दोन गुंडाळ्या, सात लवंगा, ठेचलेला सुंठीचा तुकडा, ऑलस्पाइसचे पाच दाणे (पाचकंदीलवाल्या दादांचे आभार, बसने पुडी पाठवली). मोसंबीची साल वरवरची, पांढरं आलं तर कडू होतं. आमचुराच्या तीन फोडी. धडगावचं आमचूर इथल्या बाजारात मिळालं. पांढरं नव्हतं, मधलं. वरून झाकण, वीस मिनिटं, उकळी फुटू न देता. शेवटी कोरा चहा पाऊण कप आणि जायफळाच्या दोन घासण्या. साखर-गूळ काही नाही.

पहिला घोट ओट्यापाशीच घेतला. पूर्ण तीच चव नाही, खोटं कशाला बोलू. तिथे मागे एक मातीचा, पाल्याचा वास असायचा, तो इथे नाही. पण कडा धरल्या. दोन्ही बाजूंनी. मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे नुकतंच उजाडलेलं, तो घाबरून उठला.

गच्चीवर पंधरा माणसं होती. मसाला दूध ठरल्याप्रमाणे होतंच, त्याला कोण हात लावणार? हे शेजारी लहान गंजात ठेवलं. दहाच्या पुढे वारं सुटलं, जरा गार झालं, तेव्हा लोक वळले. सासूबाईंना काही न सांगता दिलं. वगराळ्याने अर्धा पेला. त्यांनी तो संपवला, पदराने ओठ पुसले आणि पेला पुढे केला. "बेस लागस. आखो दे."

नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एक चूक कबूल करते. आमचुराच्या फोडी शेवटपर्यंत तशाच ठेवल्या. गंजाच्या तळाशी उरलेलं पेलाभर फारच आंबट झालं होतं. दहा मिनिटांत काढायला हव्या होत्या.

अनेरचं_पाणी | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या उरलेल्या आंबट पेल्याचं काय केलंत?

बोरीकाठ | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

ह्यांनी दुसऱ्या दिवशी सोडा घालून गार प्यायले आणि म्हणाले, "हेच आधी द्यायचं ना, उन्हात."

शेवभाजीवाला | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४१

म्हटलं होतं मी!!

पाचकंदील_धुळे | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

दिवाळीची गडबड संपली. एक माहिती. फळबाजारात काश्मीरचं 'महाराजी' सफरचंद आलंय. हंगामाच्या शेवटी येणारं, मोठं, लालसर-हिरवट, रसाळ आणि आंबट. खाणारी गिऱ्हाईकं नाक मुरडतात म्हणून भावही बरा असतो. माझ्या शेजारच्या फळवाल्याला वर्षानुवर्षं हा माल का येतो ते कळत नव्हतं. त्याला म्हटलं, थांब, अमळनेरहून बाई येतील.

बोरीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

बाई आल्या होत्या, दादा. पाच किलो नेलं.

महाराजी दोन भाग आणि गोड डेलिशियस एक भाग असं घेतलं. आमचुराची एकच फोड, तीही सहा मिनिटं. चहा तेवढाच. आता पहाटे खरी थंडी आहे, अंगणात शेगडी ठेवली. फार लिहीत नाही. व्हर्माँटचं नाव आता घरात निघत नाही.

ह्या वेळी उरलेलं अर्धा लिटर गरम असतानाच उकळून घेतलेल्या बाटलीत भरलं, गार झाल्यावर थेट फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवशी संपलं. बूच जागेवर.

गिरणेचा_रस | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

उत्तम. तीन दिवसांच्या पुढे मात्र ठेवू नका. घरच्या फ्रीजमध्ये यीस्ट झोपतं, मरत नाही.

डिसेंबरात जळगावची मेहरूणची बोरं येतील. बोरात आंबटपणाही आहे आणि तुरटपणाही, म्हणजे लाँग अ‍ॅश्टनवाल्यांच्या हिशेबात थेट आंबट-तुरट गटात. मी करून बघणार आहे. पिळून रस फारसा निघणार नाही, बी काढून, ठेचून, थोड्या कोमट पाण्यात तासभर भिजवावं लागेल. मग त्याला वरणबट्टी भाऊ काढा म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

वरणबट्टी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४४

बोरांना मी काही म्हणत नाही. बोरांचं मला सांगा, मी येतो पिळायला.

अक्राणीची_मास्तरीण | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

बोरांनाही दोन फोडी लागल्या तर सांगा. सुट्टीहून परत येताना मदतनीस बाईंकडून दोन किलो पांढरं आमचूर घेऊन ठेवलंय. ह्या वर्षीचं शेवटचं, आता नवं चैत्रातच. शनिवारी शहाद्यापर्यंत येतेय. तिथून अमळनेर, जळगावकडे जाणारं कोणी असेल तर कळवा.